सदुभाऊंची कपातली मंडळी

सदुभाऊंच्या घरी चहा मागायची सोय नव्हती. कपात कोणी ना कोणी राहायला असायचं.

भिवपुरीच्या वीजघरात ते फिटर आणि मी वसाहतीतल्या शाळेत मास्तर. दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. माणूस आडदांड, मिशा भरघोस, हात असे की पाना न घेताही नट सैल करतील. एकटा जीव. कोणी आगापिछा विचारला, तर विषय बदलायचे.

लढाई संपली आणि बंगल्यावरचा साहेब विलायतेला निघाला. जाताना त्याने खानसाम्याला काचेची पेटी रिकामी करून टाक म्हणून सांगितलं. सदुभाऊ तेव्हा तिथे पंखा दुरुस्त करत होते. त्यांनी पेटी तशीच उचलून घरी आणली. आत पाण्यात पालीसारखे दोन प्राणी, गालांवर झिपऱ्या, तोंड सदा हसरं. ॲक्झोलॉटल म्हणतात त्यांना. सदुभाऊंनी ते नाव एकदा घेऊन पाहिलं, जीभ चावली, आणि मग ते त्यांना 'मंडळी' म्हणायला लागले.

थंडी सरताना मंडळींनी अंडी घातली आणि त्यातली बरीचशी स्वतःच फस्त केली. सदुभाऊंनी मूठभर वाचवली. त्यातून डोळे आणि शेपटी एवढाच ऐवज असलेली पिल्लं निघाली आणि आमच्या मागे साडेसाती लागली. या पिल्लांना पाय फुटले, की भूक लागल्यावर ती सख्ख्या भावाचाच पाय खातात. खाल्लेला पाय परत उगवतो म्हणे, पण सदुभाऊंना ते पटेना. प्रत्येकाला वेगळं बिऱ्हाड पाहिजे.

"मग वाट्या घ्या की," मी म्हणालो.

"त्याचं असं हाय मास्तर, पितळेत पाणी कळकतं. लेकरू दगावंल. कप द्या."

आमच्या हिच्या माहेरचे कप असे गेले. ऊन तापलं तसे माठही मंडळींच्या सेवेत गेले. पिल्लांना गार पाणी लागतं, त्यामुळे आल्यागेल्याने हंड्यातलं कोमट पाणी प्यावं.

खाण्याचे नखरे तर विचारूच नका. जे हलेल तेच खायचं, पडलेल्या घासाकडे ढुंकून बघायचं नाही. म्हणून सदुभाऊंनी परसात पाण्याचं पिंप भरून त्यात डासांच्या अळ्या वाढवल्या. रोज गाळणीने काढून कपाकपात वाटायचे.

"भाऊजी, अख्खी वसाहत खाजवतेय," ही एकदा तडकलीच.

"जरा कळ काढा वैनी. यातलं एकपण जाऊ द्यायचं नाय मला."

"पाल मेली तर सुतक धरणार आहात का?"

त्यावर सदुभाऊंनी गाळणी उचलली आणि ते परसात निघून गेले.

मग व्हायचं तेच झालं. मलेरियाचे इन्स्पेक्टर तेलाचा पंप घेऊन हजर.

"डास पाळलेत तुम्ही?"

"डास नाय साहेब, अळ्या. डास व्हायच्या आधीच आमची मंडळी खातात."

"आणि उरतात त्या?"

"त्या मास्तरांकडं जातात," सदुभाऊंनी प्रामाणिकपणे सांगितलं.

पिंपात तेल पडलं, अळ्या मेल्या. सदुभाऊ वाद घालायला गेले नाहीत. कर्जतला जाऊन बकऱ्याची कलेजी घेऊन आले, केसाएवढ्या बारीक चिरफळ्या केल्या आणि खराट्याच्या हिराच्या टोकाला एकेक लावून कपासमोर बसले. हीर हळूहळू हलवायचा. पिल्लाला वाटायचं घास जिवंत आहे. एकाने गिळला की पुढचा कप. मग सकाळ-संध्याकाळ तेच. "घे रं बाबा. घे गं बाय. एवढाच घास."

भांडायला गेलेली ही दारातच उभी राहिली. मी मागे होतो.

"भाऊजी, असं भरवणं बाईमाणसालाही जमायचं नाही."

सदुभाऊंनी हिरावरची नजर काढली नाही. "आमच्या यमूची आय बाळंतपणात गेली तवा तिला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं मी. पीत व्हती चांगली. पर सासूबाई कडावास्नं आल्या. म्हनल्या, बापयाच्या हातात तान्हं पोर जगत नाय. घेऊन गेल्या."

"आता कुठे असते?"

"तिकडंच. मोठी झाली. मी गेलो की आत पळते. म्हनते, पाव्हणा आला."

इतकी वर्षं आमच्या दोघांत एक भिंत, आणि या माणसाला मुलगी आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मला माझीच लाज वाटली. ही तडक घरी आली आणि मुलांच्या दुधाचे उरलेले कपही नेऊन दिले.

पिल्लं वाढली, कप घासून-पुसून परत आले. ही ते कुणासाठी वापरते आणि कुणासाठी नाही, ते इथे सांगत नाही.

एका रविवारी मी कडावला बहिणीकडे निघालो होतो. सदुभाऊ पार फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. उगाच हवापाण्याच्या गोष्टी काढत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, आमच्या सासूबाईंच्या दारावरनंच वाट जाते. दिसल्या तर एक निरोप द्या."

"देतो की. काय सांगू?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"सगळी जगली म्हनावं."