शेजारच्या बोअरचा सामंजस्य करार

श्रावणनं आयुष्यात एकच निर्णय बायकोला, म्हणजे दीपमालाला, न विचारता घेतला, आणि तोही सरकारचं पाहून.

झालं असं, की राज्य सरकारनं पूल, रस्ते आणि पाण्यासाठी एका परक्या देशाशी थेट करार केला. (देशाचं नाव श्रावणला अजून धड उच्चारता येत नाही.) कराराची एक प्रत माहितीसाठी अमरावतीच्या कचेरीत, नेमकी श्रावणच्या टेबलावर आली. तो रोज अकोल्याहून ये-जा करणारा कारकून. घरी सहा दिवसांनी नळ यायचा आणि मे महिना डोक्यावर. भिंतीपलीकडे मोतीरामभाऊंच्या बोअरला मात्र धो धो पाणी. पण तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी तानुबाई चारचौघींत दीपमालाच्या कुरड्यांना काळ्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं.

राज्य जर दिल्लीला वगळून परदेशाशी बोलतं, तर आपण घरच्या दिल्लीला वगळून शेजाऱ्याशी का बोलू नये, असं श्रावणच्या मनानं घेतलं. (दिल्लीचं ना-हरकत पत्र त्याच फाईलला मागं टाचलेलं होतं. इतकी पानं उलटायची श्रावणला सवय नाही.)

मोतीरामभाऊ निवृत्त हेडमास्तर. म्हणाले, "पानी घ्या. माही स्कूटी तुमच्या निंबाखाली उभी राहीन. पन लिहून पायजे."

श्रावणनं सरकारी करार उघडला. परदेशाच्या जागी मोतीराम घातलं, राज्याच्या जागी श्रावण, धरणाच्या जागी बोअर, आणि बाकीचा मजकूर तसाच ठेवून सही ठोकली. पाईप आला. 'सरकारी योजनेचं पाणी आहे,' असं त्यानं दीपमालाला सांगितलं. ती इतकी खूश झाली, की श्रावणलाच धास्ती वाटायला लागली.

रविवारी अकरा वाजता मोतीरामभाऊ, तानुबाई, दोन मुलं, दोन सुना आणि एक पाहुणे जावई दारात उभे.

"कलम नऊ," मोतीरामभाऊंनी चष्मा चढवला. "'प्रथम पक्षाचे शिष्टमंडळ दर तिमाहीस पाहणी करील. भोजनव्यवस्था द्वितीय पक्षाकडे. यात कसूर झाल्यास पुरवठा खंडित करण्याचा अधिकार राहील.' तुमीच लिवलं ना, श्रावणभाऊ?"

दीपमालानं कागद वाचला. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हंजे हे सरकारी पानी याईच्या बोअरचं हाये?"

आवाज फार शांत होता. श्रावणनं चपला कुठं आहेत ते पाहून ठेवलं. पण भरलेली टाकी हातची जाऊ द्यायला दीपमालाही तयार नव्हती. वैतागून, भांडी आपटत का होईना, तिनं बेसनाच्या पातोडीचा रस्सा टाकला.

जेवायला दोघी समोरासमोर, मधे दीड हात अंतर. तोंड कोणी उघडेना.

"कलम बारा," मोतीरामभाऊ म्हणाले. "दुभाष्याची सोय यजमानानं करावी."

आणि पोळ्या वाढता वाढता श्रावण दुभाषी झाला.

"तिले सांगा, रस्सा लय तिखट हाये," तानुबाई म्हणाल्या.

"प्रथम पक्षाला रस्सा आवडला," श्रावण म्हणाला.

"त्याईले सांगा, आले हाये तं मुकाट्यानं जेवा," दीपमाला म्हणाली.

"द्वितीय पक्ष म्हणतो, सावकाश होऊ द्या."

"अन् हेबी सांगा, म्या कुरड्या काळ्या नाई म्हटल्या. त्या साली गहूच काळा होता, असं म्हटलं," तानुबाई म्हणाल्या.

कुरडई! श्रावणनं घाईघाईनं भाषांतर केलं. "त्या म्हणतात, कुरड्यांचा विषय नको."

"काहून हो? म्या असं कवा म्हटलं?" तानुबाई कडाडल्या.

"अन् म्या 'सावकाश' कवा म्हटलं?" दीपमाला तानुबाईंकडे वळली. "पाहा ना, बाई! मले म्हने, सरकारी पानी हाये!"

"मंग! असा मानूस तू सांभाळतं तरी कसा?"

तीन वर्षांचं साचलेलं बोलणं दोघींनी त्या दुपारी बोलून काढलं. विषय एकच होता, श्रावण. मोतीरामभाऊंनी लगेच कराराची दुरुस्ती लिहायला घेतली. द्वितीय पक्ष म्हणून श्रावणचं नाव खोडून दीपमालाचं घातलं. दुभाष्याचं कलम वगळलं.

"मंग माहं नाव कुठंच नाई?" श्रावणनं भीत भीत विचारलं.

"हाये ना," दीपमालानं पान उलटलं. परिशिष्टात हेडमास्तरी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'द्वितीय पक्षाने पुरवायचे साहित्य: पाईप पन्नास फूट, क्लॅम्प दोन, भांडी घासायला श्रावण एक.'