सारंगमामा आणि पाचवा गडी

सारंगमामांच्या घरी भाताचा टोप चुलीवर चढायचा तो 'हबेस' असा हुकूम झाल्यावर, आणि उतरायचा तो 'आर्या' म्हटल्यावर. हे दोन्ही आगबोटीवरचे शब्द. हबेस म्हणजे चढव, आर्या म्हणजे उतरव. मामांनी उभं आयुष्य आगबोटींवर काढलं होतं, आधी खलाशी म्हणून आणि नंतर सारंग म्हणून, म्हणजे खलाशांचे मुकादम म्हणून. मालवणात कायमचे परत आले तरी त्यांच्या पायाखालची जमीन काही डेक व्हायची थांबली नाही. विहिरीवर शेजारणी भेटल्या की मामी सांगायची, "आगबोट केव्हाच सुटली गो, पण माझो घोव अजून डेकारच आसा."

मात्र हुकूम ती कधी मोडत नसे. एकदा मामा बाजारात गप्पा मारत राहिले आणि परत येईपर्यंत भाताचा कोळसा झाला. मामी चुलीसमोर हाताची घडी घालून बसली होती. हुकूम आला नव्हता, एवढंच ती म्हणाली. मामांनी तो भात निमूटपणे खाल्ला आणि वर ताक मागितलं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात दोन माणसं, एक मांजर आणि एक बास्केटबॉल.

मालवणात जुनी माणसं मामांबद्दल अजून दोन गोष्टी सांगतात. एक, मामांचा लाडका यशवंत त्यांना न सांगता मुंबईला पळाला, असा कृतघ्न. दोन, मामाही असे दगड की त्यांनी आठ दिवसांत त्याची जागा भरली आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. चहाच्या दुकानात या दोन्ही गोष्टी मी कितीदा तरी ऐकल्या आणि बशीत चहा ओतत राहिलो. दोन्ही खोट्या आहेत. आता त्या खोट्या आहेत हे सांगू शकेल असा मीच काय तो उरलो आहे.

बास्केटबॉल मामांनी पाहिला तो कुठल्याशा परदेशी बंदरात. त्यांची बोट दुरुस्तीसाठी बरेच दिवस गोदीत उभी होती आणि खाली गोदीतले लोक संध्याकाळी खेळायचे. मामा वरच्या डेकच्या कठड्याला टेकून बघायचे. खेळ आवडला, पण नियम विचारायला भाषा नव्हती. म्हणून त्यांनी एक चेंडू विकत घेतला आणि नियम नुसते डोळ्यांत भरून आणले.

बंदराच्या पलीकडे सुकट वाळत घालायची जागा होती. तिथे मामांनी एका फुटक्या होडीची डोलकाठी उभी केली. लोहाराकडून पिंपाची कडी वाकवून घेतली आणि तिला जाळं विणायला, पुढे आमच्या संघात आलेल्या धोंडूच्या बापाला सांगितलं. धोंडूचं घराणं रापणवाल्यांचं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोन बाजूंना दोन दोर आणि दोरांना सगळा गाव. म्हाताऱ्याने विणलं ते जाळं खालून बंद. मामांनाही ते बरोबरच वाटलं. त्यांनी खेळ पाहिला होता वरून, आणि वरून बघणाऱ्याला जाळ्याला बूड आहे की नाही हे कसं कळणार? कोणी शंका काढलीच तर म्हातारा म्हणायचा, "बूड नसलेला जाळा विणूक मी काय खुळो आसंय?"

त्यामुळे मालवणच्या बास्केटबॉलमध्ये चेंडू एकदा जाळ्यात गेला की तिथेच राही. तो काढायला कोणीतरी लागे, आणि तो कोणीतरी म्हणजे यशो.

यशवंत हा मासे विकणाऱ्या एका विधवेचा मुलगा. आगबोटीच्या उतारूंच्या ट्रंका पडावातून धक्क्यावर चढवायचं काम करी. पडाव म्हणजे आगबोटीपासून धक्क्यापर्यंत माणसं नेणारी होडी. कोणाच्याही घरात शिरताना यशाला वाकावं लागे, त्यामुळे तो फार नम्र आहे असा गावात समज होता. तो समुद्राकडच्या कोपऱ्यात उभा राही, उडी मारून चेंडू टाकी आणि दुसऱ्या उडीत जाळ्यातून उपटून काढी. आमच्या संघाचा डावपेच एकच होता. चेंडू यशाक द्या.

बाकीचे म्हणजे धोंडू, त्याचा भाऊ, एक शिंपी आणि सोडा-लेमनची गाडी लावणारा एक जण. मी सहावा. कचेरीत कारकून, डोळ्यांना चष्मा, आणि चेंडू अंगावर आला की डोळे मिटणारा. मामा मला जादा नांगर म्हणत. बोटीवर एक नांगर जादा ठेवतात, तो कधी पाण्यात पडू नये अशी सगळ्यांची इच्छा असते. सामना सुरू झाला की मी सुकटीच्या टोपल्यांशेजारी बसून सगळ्यांचे सदरे सांभाळत असे. मनातून जळत असे, हेही सांगून टाकतो.

माझा मावसभाऊ मुंबईला गिरणीत जॉबर, म्हणजे माणसं कामाला लावणारा मुकादम होता. त्याच्या खात्यात माणूस हवा होता. मी यशाचं नाव सुचवलं. यशाच्या आईचे हाल मला दिसत होते, हे खरं. जादा नांगराला पाण्यात पडायचं होतं, हेही खरं. यापैकी कुठलं किती खरं, ते मी आजवर वेगळं करू शकलेलो नाही.

यशो मामांना सांगायला निघाला होता. मीच त्याला थांबवलं. म्हटलं, सांगू नको, ते सोडणार नाहीत, तुझ्याने नाही म्हणवणार नाही आणि नोकरी जाईल. मामा कट्टा गावी सासुरवाडीला गेले होते त्या दिवशी यशो आगबोटीत बसला.

मामा परत आले, त्यांना कळलं. संध्याकाळी नेहमीप्रमाणे शिट्टी वाजवली आणि मला म्हणाले, "ऊठ रे, सदरे ठेव."

मग जे सुरू झालं त्याला खेळ म्हणता यायचं नाही. धोंडूला चेंडू मिळाला की तो न बघता समुद्राकडच्या कोपऱ्यात फेकायचा. तिथे कोणीच नसायचं. चेंडू थेट सुकटीत. सुकट वाळवणाऱ्या बायका ओरडायच्या, यशो गेला मुंबईला आणि तुमची अक्कल पण त्याच आगबोटीने गेली की काय. शिंपी शहाणा माणूस, पण तोही त्याच कोपऱ्यात फेकायचा. हाताला सवय झाली होती. मामा रागावले नाहीत. स्वतः जाऊन टोपलीतून चेंडू आणायचे, धोतराला पुसायचे आणि पुन्हा द्यायचे.

आधी त्यांनी दुसरा उंच माणूस शोधून पाहिला. चांगले आठ-दहा दिवस ते लोकांच्या दारांच्या चौकटी बघत हिंडले. वरच्या लाकडाला तेलाचा डाग असेल तर घरात डोकं आपटणारं कोणीतरी आहे, असा त्यांचा हिशेब. शेवटी तारकर्लीहून एक नारळ पाडणारा आणला. ताडासारखा उंच. त्याला खेळ समजावून सांगितला, चेंडू कडीत टाकायचा, बस. त्याने मान डोलावली, चेंडू काखेत मारला, सरसर डोलकाठीवर चढला, चेंडू जाळ्यात ठेवला आणि वरूनच विचारलं, अजून किती ठेवायचे. समोरचा संघ देवगडचा होता. त्यांनी वाद घातला तेव्हा मामांनी त्यांनाच विचारलं, चढू नये असं नियमात कुठे आहे. पण आवाजात जीव नव्हता. सामना संपल्यावर नारळवाल्याला त्यांनी नारळ पाडायला दर झाडामागे देतात तेवढे पैसे दिले आणि घरी पाठवलं.

त्यानंतर मामा शिट्टी न वाजवता नुसते किनाऱ्यावर जाऊन बसू लागले. मामी मला म्हणाली, "बग रे जरा. भातार हुकूम येणा नाय. मीच उतरवतंय."

मी गेलो. रापण ओढणं चाललं होतं. धोंडू आणि त्याचा भाऊ दोरावर होते. मधला एक म्हातारा दमला, दोर सोडून वाळूत बसला. त्याच्या जागी कोणी गेलं नाही. मागचे सगळे अर्धा हात पुढे सरकले, पुढचे थोडे मागे रेलले आणि दोर होता तसा ताठ राहिला. संध्याकाळी मासळीचे वाटे झाले तेव्हा त्या म्हाताऱ्याचाही वाटा पडला. आमच्याकडे ही रीतच आहे, मी ती लहानपणापासून बघत होतो. मामाही. पण त्या दिवशी ते वाटे होईपर्यंत बघत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा पाचांना कडीखाली उभं केलं. यशासारखा माणूस आता मिळायचा नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. त्याच्यासारखं खेळायचा प्रयत्नही कोणी करायचा नाही. प्रत्येकाने अर्धा हात सरकायचं. चेंडू लांब फेकायचा नाही, शेजारच्याच्या हातात द्यायचा, आणि आज ज्या जागी खेळलो त्या जागी उद्या खेळायचं नाही. सगळ्यांना सगळ्या जागा आल्या पाहिजेत. मला वाटलं होतं मला समुद्राकडचा कोपरा मिळेल. मी तिकडे चालायलाही लागलो होतो. मामा म्हणाले, "थंय नको. ता रवांदे." तो कोपरा त्यांनी रिकामाच राहू दिला.

मग शिडी मागवली, चढले आणि खिशातल्या सुरीने जाळ्याचं बूड कापलं. यशो नव्हता, चेंडू उपटणार कोण? धोंडूचा बाप खाली उभा राहून कपाळाला हात लावत होता. कापून झाल्यावर मामांनी वरूनच चेंडू सोडला. तो जाळ्यातून खाली येऊन वाळूवर धप्पकन पडला आणि आम्ही सगळे बघत राहिलो. इतकी वर्षं खेळत होतो, पण असं काही होऊ शकतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

मला त्यांनी महिनाभर रोज एकट्याला शिकवलं. डोळे मिटू नयेत म्हणून चेंडूऐवजी आधी नारळाची सोडणं, म्हणजे सोललेल्या सालींचे तुकडे अंगावर फेकायचे. "मेल्या, चेंडू तुझो सायब नाय. तेका भिया नको." कोणी माझ्यासाठी एवढा वेळ कधी दिला नव्हता, आणि मला तो घेताना लाज वाटत होती. पण मी घेतला.

हिवाळ्यात सावंतवाडीचा संघ आला. बूट घातलेला, नियम पाठ असलेला. आम्ही हरलो. पण शेवटी शेवटी एकदा चेंडू धोंडूकडून त्याच्या भावाकडे, तिथून शिंप्याकडे, सोडावाल्याकडे, माझ्याकडे आणि माझ्याकडून परत धोंडूकडे गेला, आणि धोंडूने तो कडीत टाकला. मी डोळे मिटले नव्हते. मामा शिट्टी वाजवायचं विसरले. मग स्वतःशीच म्हणाले, "रापण लागली." किनाऱ्यावर जाळं भरून आलं की म्हणतात तसं.

तो हरलेला सामना मला अजून आठवतो, आणि मुंबईत मी पुढे जे जे काही जिंकलो त्यातलं फारसं काही आठवत नाही.

वर्षभरातच माझी बदली झाली, मुंबईला. या वेळी मी मामांना सांगायला गेलो. ते अडवतील, चिडतील, अशी तयारी करून गेलो होतो. मामांनी मला बसायला पाट दिला, मामीला चहा टाकायला सांगितलं आणि म्हणाले,

"बरा केलंस सांगलंस ता. यशान सांगूक होया होता. मी तेका अडवतलंय कित्याक? माका फक्त तेका आगबोटीर चढताना बगूचा होता."

त्याच वेळी मला बोलता आलं असतं. मामी चहा घेऊन आली आणि मी चहा घेतला.

मी निघालो त्या दिवशी मामा पडावात माझ्याबरोबर बसून थेट आगबोटीपर्यंत आले. माझ्या वळकटीच्या दोरीच्या गाठी दोनदा तपासल्या. शिडीशी आल्यावर खालच्या आवाजात विचारलं, यशो पोटभर जेवतो की नाही ते बघशील ना. मग म्हणाले, "तेका सांग, तुझी जागा भरली म्हणान. नायतर आपल्यामुळे खेळ मोडलो असा वाटान जिवाक लावन घेयत."

जागा भरली नव्हती. संघात प्रत्येकजण ते जाणत होता. मीच तर त्या संघात खेळत होतो.

मुंबईत मी यशाला गिरणीच्या फाटकापाशी गाठलं. तो वाळला होता, पण बरा होता. मी निरोप सांगितला. मामा म्हणाले, तुझी जागा भरली. यशाने विचारलं, कोण खेळता? मी म्हटलं, मी. तो हसेल असं वाटलं होतं. तो खाली बघत म्हणाला, "रागावले असतले." मी आणखी दोन वाक्यं बोलायला हवी होती. तुला वाईट वाटू नये म्हणून ते असं म्हणाले, आणि तुला निरोप द्यायला ते धक्क्यावर आले असते. पण ते बोलायचं तर न सांगता जा हा माझा सल्ला चुकला, हे आधी कबूल करावं लागलं असतं. पाळीचा भोंगा झाला आणि यशो आत गेला.

त्या वर्षी चतुर्थीला आम्ही दोघेही गावी होतो. पावसात आगबोटी बंद, त्यामुळे सगळे चाकरमानी आंबोली घाटातून एस.टी.ने येत. मी मामांकडे गणपती बघायला गेलो. मामांनी धुतलेला सदरा घातला होता, केस तेल लावून बसवले होते आणि ते ओटीवर रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मामी म्हणाली, सकाळपासून असेच बसलेत, आरतीलासुद्धा हाक मारून उठवावं लागलं.

दुपारी यशो रस्त्याने आला. बरोबर त्याची आई होती. मामांच्या कुंपणापाशी त्याची पावलं जरा हळू झाली. मग त्याने मान खाली घातली आणि तो तसाच पुढे गेला. मामा अर्धवट उठले होते, ते परत बसले.

"लाजता तो," मामा मला म्हणाले. "पुढल्या वर्सा येतलो."

मी शेजारीच बसलो होतो. हातात मामीने दिलेली करंजी होती, ती मी खात राहिलो. मामा त्यानंतर बरीच वर्षं जगले, आणि प्रत्येक चतुर्थीला सदरा धुवायला टाकत राहिले.