आजोबांचा खिसा

फोटोग्राफरने त्या घरात पाऊल टाकलं आणि आजीने पाठीवरून हात फिरवल्यासारखं त्याला वाटलं. कधी न पाहिलेल्या आजीचा हात ओळखायचा कसा, हे विचारू नका. तो ओळखला म्हणतोय ना, मग आपण मान डोलवावी.

त्याच्या वडिलांना पाय फुटण्याआधीच त्यांचे आईबाप गेले. मामाने वाढवलं, पण मामाला आठवायची ती फक्त गल्ली. डोळे पुरते मंदावण्याआधी आईचा उंबरा एकदा बघायचा, एवढाच म्हाताऱ्या वडिलांचा हट्ट. अशात मामाच्या माळ्यावर फोटोची जुनी काच, म्हणजे काचेवरची निगेटिव्ह, सापडली. मुलाने घाईघाईने ती स्वतःच्या स्टुडिओत छापली. दारात आजी-आजोबा, डावीकडे जिना, उजवीकडे गोल खिडकी. गल्लीत हुबेहूब तसंच घर उभं होतं, म्हणून वडिलांना आणि बायकोला घेऊन तो आला होता.

घरात एक निवृत्त नर्सबाई राहत होत्या. "या, या, तुमचंच घर आहे," त्या म्हणाल्या आणि लगेच सावरल्या, "म्हणजे, बसण्यापुरतं हं!"

म्हातारा जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत पुटपुटला, "आई इथेच हात टेकायची."

"बाबा, तुम्ही तेव्हा रांगत होता."

"अरे, रांगणाऱ्याला खालून जास्त दिसतं!"

पडदे श्वास घेतल्यासारखे आत-बाहेर होत होते. उन्हाचा एक तुकडा जमिनीवरून सरकत म्हाताऱ्याच्या पायाशी येऊन बसला. फोटोग्राफरलाही आता सगळं ओळखीचं वाटू लागलं. भिंतीवरच्या डागाकडे बघून तो गहिवरला, "आजोबा इथे डोकं टेकून बसत असणार."

"पाइप गळतोय तिथला," नर्सबाई म्हणाल्या. पण ऐकतंय कोण?

म्हाताऱ्याला आरामखुर्चीत डोळा लागला. झोपेत तो गालातल्या गालात हसत होता. तेवढ्यात फोटो निरखणाऱ्या सुनेने नवऱ्याला कोपर मारलं.

"अहो, आजोबांच्या कोटाचा छातीवरचा खिसा उजव्या बाजूला कसा?"

"त्या काळची फॅशन असेल."

"आणि बटणंही उलटी?"

फोटोग्राफरचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा झाला. त्याने हळूच खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या घराला जिना उजवीकडे, गोल खिडकी डावीकडे.

"काच उलटी छापलीत?"

"हळू बोल गं! बाबांना तूच सांग. तुझं ऐकतात ते."

"माझं ते झोपेतच ऐकतात."

"मग आत्ताच सांग!"

"राहू द्या हो," नर्सबाई कुजबुजल्या. "एवढ्या मायेनं माझ्या कठड्याला आजवर कुणी हात लावला नव्हता."

फोटोग्राफरलाही ते पटलं. म्हाताऱ्याला आई भेटली, मग घर अलीकडचं की पलीकडचं, काय फरक पडतो? गप्प बसायचं, असं तिघांनी डोळ्यांनीच ठरवलं.

तोच म्हातारा दचकून उठला आणि पायाने चपला चाचपू लागला.

"चला, उठा! आई आली होती. जाम चिडलीये."

"का हो बाबा?"

"म्हणाली, शेजाऱ्यांकडे इतका वेळ बसतात का? मी समोर दारात कधीची उभी आहे!"

आणि काठी तिथेच विसरून, कुणाला काही न विचारता तो तरातरा रस्ता ओलांडू लागला. फोटोग्राफर मागोमाग धावला. धावता धावता त्याने केस सारखे केले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं. आजीसमोर पहिल्यांदाच जायचं होतं.