बऱ्या झालेल्या रुग्णाचा धाकटा भाऊ

माझ्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत एक निरुपद्रवी गाठ आली. निरुपद्रवी हा शब्द डॉक्टरांचा. ती दुखत नव्हती, खुपत नव्हती. फक्त पापणी खाली ओढून पुस्तकावर पडदा टाकत होती. वाचनाखेरीज मला दुसरे काही येत नाही, आणि तेही नीट येते असे नाही. म्हणून गाठ काढून घेतली. काही महिन्यांत ती त्याच जागी परत आली, हवापालट करून आल्यासारखी अंगाने भरून.

हिला, म्हणजे बायकोला, सोबत घेऊन पुन्हा रुग्णालयात गेलो.

"नवीन पेशंट की जुने?" खिडकीवरच्या बाईंनी विचारले.

"जुना. गाठही जुनीच. परत आलीय."

बाईंनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "आजोबा, आमच्याकडे गाठ परत येत नाही."

डॉक्टरांनीही तेच शांतपणे समजावले. गाठ मुळासकट काढली होती, त्यामुळे तिचे परत येणे अशक्य होते. मी बरा झालेला रुग्ण होतो, आणि बऱ्या माणसावर शस्त्रक्रिया करणे नियमात बसत नव्हते. मला वाटले, चूक माझीच असणार.

"मग मी वाचायचं कसं?" मी चाचरत विचारले.

"तुम्हाला वाचता येतंच. त्रास होतोय तो दुसऱ्या कुणाला तरी. धाकटा भाऊ आहे?"

"नाही."

"असता तर त्याची उद्याच काढली असती."

मी हिच्याकडे पाहिले. ही म्हणाली, "व्हा की धाकटे! थोरलेपणा तरी कधी दाखवलाय तुम्ही?"

अशा रीतीने मी माझा धाकटा भाऊ झालो आणि गाठ निघाली. घरी आल्यावर ही म्हणाली, "बसा भावोजी. हे घरात नाहीत, पण चहा ठेवते."

पुढच्या वर्षी गाठ पुन्हा आली. मी चुलतभाऊ झालो. आता मात्र डॉक्टर गंभीर झाले. तिन्ही भावांना एकाच पापणीत, एकाच जागी! त्यांनी या आनुवंशिक दोषावर परिषदेत व्याख्यान दिले. शस्त्रक्रिया निर्दोष ठरली, आमचे घराणे दोषी ठरले. सगळ्या कुटुंबाला तपासणीसाठी बोलावणे आले. मी एकटा गेलो आणि सगळे हजर झाले.

बाकावर शेजारी पापणी सुजलेले एक गृहस्थ होते. त्यांनी हळूच विचारले, "इथं काढलेली परत येते का हो?"

माझा नंबर जवळ आला होता, गाठ अजून पापणीतच होती आणि मांडीवरच्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण राहिले होते. "छे! माझ्या थोरल्या भावाची इथंच काढली. ठणठणीत आहे."

गृहस्थांनी नजर खाली वळवली. "माझाही थोरला भाऊ इथंच बरा झाला."

पलीकडच्या बाई म्हणाल्या, "आमच्या थोरल्या ताईसुद्धा." मग सगळ्या बाकाने माना डोलावल्या. कुणी कुणाच्या डोळ्यांकडे पाहिले नाही.

तुमच्याकडेही काहीतरी कायमचे दुरुस्त होऊन परत आले असेलच. तुम्ही बोलला नसाल. शहाणी माणसे बोलत नाहीत. बाकी, तुमचे थोरले बंधू बरे आहेत ना?