गल्लीकडचं दार

दानियल मास्तर कुणाच्याही घरी गेले की चहाआधी दारं मोजत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरले आणि बायकोला म्हणाले, "बाई, सगळी ये-जा तुमच्या चुलीसमोरून. या घरात सत्ता तुमची!" त्या दिवसापासून तिने त्यांच्या चहात कधी साखर कमी घातली नाही.

आम्ही दोघे सोलापुरात मिशनच्या शाळेत मास्तर. मी गणित शिकवायचो, ते इतिहास. इतिहास म्हणजे एकच गाव, समुद्रापलीकडचं, रोमचं राज्य खिळखिळं होत असतानाचं. पोरांना पानिपत धड माहीत नव्हतं. पण त्या गावच्या बिशपाने बाजाराचे खांब उपटून चर्चला कसे लावले आणि हमरस्ता आपल्या दारात कसा वळवला, हे तोंडपाठ. "सुभेदार पळाला, उरला कोण? बिशप! ज्याचं दार, त्याचं गाव!" असं म्हणून ते फळ्यावर खडू आपटत. नगरपालिकेने गटार हलवलं तरी त्यांना त्यात बिशप दिसे.

मग आमच्याच चर्चने गल्लीकडचं दार चिणून टाकायचं काढलं. उपासना चालू असताना शेळ्या आत येतात, अशी पाद्रीसाहेबांची तक्रार होती.

मास्तर कमिटीपुढे त्या गावाचा नकाशा पसरून उभे राहिले. "शेळ्या हे निमित्त! बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी त्या बिशपानेसुद्धा ओसरी ठेवली होती. तुम्ही त्याच्याही वरताण निघालात!"

"पण त्या दाराशी येतं कोण?" साहेबांनी विचारलं.

तासभर बोलणारा माणूस नकाशा गुंडाळू लागला. बाकी सगळ्यांचे हात दार चिणण्याच्या बाजूने वर गेले. माझाही गेला. साहेब शाळेचेही चालक होते, आणि मला नोकरी प्यारी होती.

त्या रविवारी उशीर झाला म्हणून मी गल्लीतून गेलो. दाराच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. गळ्यात लिंगायतांची असते तशी लिंगाची चांदीची डबी. आत मास्तर बायबलमधला शास्त्रपाठ वाचत होते.

"आत चला की, आजी."

"न्हाय बाबा. माजा द्येव निराळा हाय. लेकरू वाचतंय न्हवं, त्येवढं ऐकती. त्येच्या बापानं किरिस्ताव हून घर तोडलं, मला लेकराला न्हाय तोडता आलं."

उपासनेनंतर मी मास्तरांना गाठलं. "अहो, हे कमिटीत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर अख्खी कमिटी पायरीवर येऊन तिला उपदेश करत बसली असती. तिला सुखानं बसू दे की!"

मला स्वतःची लाज वाटली. सोमवारी जाऊन मी माझं मत मागे घेतलं. एका मताने काय होतंय! गवंडी आले, दार बुजलं.

पुढच्या रविवारी पाठाची वेळ झाली, तरी मास्तर उठेनात म्हणून सगळे वळून पाहू लागले. त्यांची जागा रिकामी होती. मी बाहेर जाऊन पाहिलं. ओल्या चुन्याच्या भिंतीला टेकून मास्तर पायरीवर आईशेजारी बसले होते आणि तिला तोच पाठ हळू आवाजात वाचून दाखवत होते.