तोंड दाखवा, पुडी घ्या

आमच्या बक्षी आबांसमोर उभं राहिलं की ते रामराम घेत नाहीत. आधी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवतात. "डाव्या भुवईवर खोक, कान सुपायेवढं. व्हय, तूच हायेस!" मग गूळ-शेंगदाण्याची पुडी हातावर ठेवतात. मी रांगत होतो तेव्हापासून मला ओळखतात, तरी सूट नाही.

आमचं गाव भीमेच्या काठाला. अल्याड शिरूर, पल्याड दौंड, मधे नुसता ऊस आणि उसात बिबट्या. म्हणून गावानं गस्त सुरू केली. सकाळी पारावर गस्तवाल्यांना पुडी वाटायचं काम आबांनी मागून घेतलं. मागून कसलं, हिसकावूनच घेतलं.

"आमच्या घराण्याचंच काम हाय ते!"

जुन्या काळी गढीच्या राखणीला शिबंदी असायची, म्हणजे गावचीच हत्यारबंद माणसं. त्यांचा पगार वाटणारा तो बक्षी. आबांचे पूर्वज तेच. शिबंदीच्या तुकड्यांचे लबाड नाईक गैरहजर माणसांच्या नावावर पगार उचलायचे, म्हणून बक्षी प्रत्येकाला समोर उभं करून अंगावरच्या खुणा बघायचा. हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. गढीच्या जागी आता पाण्याची टाकी आहे, पण आबांची बक्षीगिरी चालूच.

एकदा माझा चुलतभाऊ दत्ता मिशी काढून आला.

"खूण बदलली. बायकूला घेऊन ये. तिनं वळखलं तर पुडी."

बिचारा खरंच घेऊन आला. वहिनी हसत म्हणाल्या, "ह्यो आमचा न्हाई!"

गेल्या थंडीत गस्त संपवून पाराकडं येताना, झुंजुमुंजू होताना मी उसाकडेच्या कोरड्या विहिरीत पडलो. पाय मोडला, मोबाइल फुटला, हाका मारून घसा बसला. वर कुणाला पत्ताच नाही. सगळ्यांना वाटलं, मी कंपनीच्या बसनं रांजणगावला गेलो. बायको संध्याकाळशिवाय वाट बघणार नव्हती.

पारावर दत्ता म्हणाला, "त्याची पुडी माझ्याकडं द्या."

"तोंड?"

"आवो आबा, शेंगदाणंच हायेत, खजिना न्हाई!"

"मग दाखव की तोंड. त्याला बगितल्याबिगर मी उठत न्हाई, आन् तुमालाबी उठू देत न्हाई."

शेवटी वैतागून सगळे मला शिव्या घालत शोधायला निघाले, आणि सापडलो. वर काढलं, तर आबा काठावर उभे. त्यांनी माझी हनुवटी धरली. "डाव्या भुवईवर..."  कान बघायचे सोडून त्यांनी पुडी माझ्या मुठीत कोंबली. मी पोरासारखा रडलो. त्या हट्टी म्हाताऱ्यामुळं मी आज जिवंत आहे, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

पाय प्लॅस्टरमध्ये होता तोवर आबा रोज तोंड बघायला यायचे. एकदा मी विचारलं, "आबा, तुमचं तोंड कोण बघतं?"

आजी वारलेल्या, मुलगा परदेशात. आबा पुडीचा दोरा गुंडाळत बसले.

"बक्षीची हजेरी कोण घेतंय, बाबा?"

आता पाय बरा झालाय. कंपनीची बस यायच्या आधी मी रोज त्यांच्या दारात जातो. हनुवटी धरायचं धाडस होत नाही, नुसता समोर उभा राहतो. "पांढऱ्या भुवया, नाकावर तीळ. व्हय, तुम्हीच हाय."

"चल निघ, बस चुकंल," ते खेकसतात.

पण हल्ली मी पोचतो तेव्हा आबा अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून, तोंड उजेडाकडं करून बसलेले असतात.