टाकीमागचा नाकतोडा

गोरिवलेकाका उभे असताना कुणाशी धड बोलत नाहीत. आडवे झाले की मात्र रंगात येतात. दर रविवारी सकाळी भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे, इस्त्रीचा शर्ट घालून ते गवतात पालथे पडलेले असतात आणि शेजारी सात-आठ पोरं. नव्या वॉचमनने पहिल्या दिवशी चक्कर आली समजून त्यांच्या तोंडावर पाणी मारलं होतं.

"नाकतोडा बघायचाय ना? मग सावली सांभाळ," हा त्यांचा मंत्र. सावली पडली की पाहुणा उडाला. पकडायचा नाही, तंगडी हातात राहते. कान शोधायचे, ते पोटाला असतात. आणि तंगडी पंखावर घासून तो वाजला की तोंडाने बोलायचं नाही, हात वर करायचा. काकांचा आवाज असा, की हे नियम पलीकडच्या बिल्डिंगलाही पाठ झालेत.

यंदा कमिटीने तिथे पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक घालायचं ठरवलं. सांत्वनाला मी दोनदा काकांची बेल वाजवली. दार उघडलं नाही. शिष्ट आहे म्हातारा, म्हणून परतलो.

रविवारी सेक्रेटरी मेहताभाई टेप घेऊन हजर.

"गोरिवलेजी, उठो. नाप लेना है."

"पहले लेटो. बाद में नापो."

मेहताभाईंची स्वतःची नात गवतात पडलेली; नाही म्हणायची सोय नव्हती. आधी त्यांचं पोट टेकलं, बाकीचे मेहताभाई मागाहून. "दादाजी, सावली," नातीने दटावलं. मीही आडवा झालो. पाच मिनिटं कुणी हललं नाही. मग मेहताभाईंचा हात हळूच वर गेला, टेपसकट.

"गाडी बाहर लगाएंगे," कपडे झाडत ते म्हणाले. पेव्हर बारगळले. पोरांनी काकांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

सगळे पांगल्यावर मी म्हणालो, "काका, आज काय वाजला हो."

"कसा वाजला?" त्यांनी पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं. "भाईंदरच्या कारखान्यात तीस वर्षं प्रेसवर स्टीलची ताटं काढली. माणसाचं बोलणं जवळून कळतं. बारीक आवाज त्या धडधडीत गेले. गावी बांधावर ऐकायचो हा. आता पोरांचा हात वर गेला, की समजायचं गातोय."

तेवढ्यात गवतात पुन्हा चिर्र झालं. मी हात वर केला आणि नाकतोडा थांबेपर्यंत खाली घेतला नाही. काका माझ्या हाताकडे बघत मान डोलावत होते.